अजून कोणी वापरतं का?

सोवळ्या हे त्याचं नाव नव्हे आणि आडनावही नव्हे. झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत दर रविवारी जमणाऱ्या टोळक्याने ते त्याला चिकटवलं, आणि असं चिकटवलं की त्याच्या निवृत्तीच्या समारंभात खुद्द साहेबही भाषणाच्या भरात तेच बोलून गेले. कारण साधं होतं. ज्या सॉफ्टवेअरचं पोट उघडून आत काय आहे ते पाहता येत नाही, त्याला हा गृहस्थ हात लावत नसे. दुसऱ्या कोणी लावलाच तर असं तोंड वाकडं करी, की बिचाऱ्याला आपण काहीतरी चोरूनबिरून आणलंय असं वाटायचं.

याचं मूळ त्याच्या नोकरीत असावं. पाणीपुरवठ्याच्या कारखान्यात तो मीटर दुरुस्त करायचा. अडकलेले, गळणारे, क्वचित उलटे फिरणारे मीटर पोत्यात भरून यायचे. हा एकेकाचं झाकण उघडायचा, आतली चक्रं घासूनपुसून पुन्हा बसवायचा आणि नळाला लावून पाहायचा. उभं आयुष्य त्याने हेच केलं. त्यामुळे जी वस्तू उघडत नाही तिच्यावर त्याचा विश्वासच बसेना. बायको म्हणायची, ‘‘इंजेक्शन घ्यायचं असलं तरी हे आधी बाटलीवरचं सगळं वाचणार, मग दंड पुढे करणार. तोवर डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेलेले असतात.’’

तर अशा माणसाच्या हाती लिनक्स नावाची कॉम्प्युटरची सिस्टिम पडली. सगळं उघडं, सगळं फुकट, आवडलं नाही तर बदला आणि दुसऱ्याला द्या. सोवळ्याला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला.

ते दिवस आता कोणाला सांगून पटत नाहीत. झेरॉक्सवाल्याच्या मागच्या खोलीत कागदाच्या रिमांवर बसायचं. जो तो आपापलं मशीन चादरीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन यायचा. सिस्टिमचा गाभा नव्याने बांधायला लावून सगळे चहाला जात, चहा होऊन, वाद होऊन, घरी जेवून परत येत, तरी पडद्यावर ओळी सरकतच असत. मॉनिटरला चुकीचे आकडे दिले तर तो शिट्टी वाजवायचा आणि सगळे एकदम प्लगवर झडप घालायचे. पहिल्यांदा एकाच्या पडद्यावर माउसचा बाण हलला तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. दुकानात झेरॉक्स काढायला आलेली बाई आत डोकावून विचारून गेली, ‘‘वाढदिवस आहे का कोणाचा?’’ खोलीचा एक नियम होता. ज्याने प्रश्न विचारला, त्याने पुढच्या रविवारच्या आत दुसऱ्या कोणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर शोधून आणायचं. या नियमाने किती माणसं हुशार झाली याला गणती नाही. काही नुसतीच भांडखोर झाली, ते वेगळं.

झेरॉक्सवाला हा त्यातला सर्वांत व्यवहारी माणूस. रात्रंदिवस दुसऱ्यांच्या वस्तूंच्या नकला काढणाऱ्याला तत्त्वं फार परवडत नाहीत. तो सीडी भराभर काढून वाटायचा आणि म्हणायचा, ‘‘चालतंय ना? मग झालं.’’ सोवळ्याचा तो जिवलग मित्र होता आणि दोघांचं एका गोष्टीवर एकमत झाल्याचं कोणी पाहिलेलं नव्हतं.

आता ती खोली नाही. दुकानात मोबाइलची कव्हरं लटकतात. टोळकं पांगलं, त्यातले अर्धे ज्यांच्या नावाने बोटं मोडत होते त्याच कंपन्यांतून मोठ्या पगाराने निवृत्त झाले. सोवळ्या तेवढा सोवळ्याच राहिला.

मागच्या महिन्यात, सकाळी चहाचा कप हातात असताना, त्याला एक मेल आला. समुद्रापलीकडे लिनक्स सांभाळणाऱ्यांपैकी कोणा तरुणाने लिहिला होता. भाषा नम्र होती. तुम्ही पूर्वी लिहिलेला अमुक साउंड कार्डाचा ड्रायव्हर फार जुना झाला आहे. ते कार्ड आता मिळत नाही, आणि दर वेळी काही बदललं की आम्हाला तोही दुरुस्त करावा लागतो. अजून कोणी वापरतं का? एक जरी वापरणारा असला तरी कळवा, आम्ही ठेवू. नाहीतर पुढच्या आवृत्तीतून काढावा म्हणतो.

ड्रायव्हर म्हणजे सिस्टिम आणि यंत्राचा भाग यांच्यामधला दुभाषी. तो नसला की कार्ड जागच्या जागी असूनही मुकं. सोवळ्याने आयुष्यात लिहिला तो हा एकच. आणि त्याच्या पहिल्याच ओळीत त्याचं खरं, पूर्ण नाव होतं. त्याने दुरुस्त केलेले मीटर घरोघर फिरत होते, पण त्यांच्यावर कोणी नाव घालत नाही. जगात जिथे जिथे ही सिस्टिम गेली तिथे तिथे ते एक नाव गेलं होतं, कोणी वाचो न वाचो. ते आता जाणार म्हटल्यावर त्याने कप खाली ठेवून मेल पुन्हा पहिल्यापासून वाचला.

मग त्याच्या लक्षात आलं की घाबरायचं काही कारण नाही. वापरणारा एकच तर हवा होता, आणि तो त्याच्या घरातलाच होता. ताई होती ना.

ताई त्याची थोरली बहीण. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. मोठ्या रुग्णालयात ती टेलिफोन ऑपरेटर होती, आणि तिथे तिचा असा दरारा होता की डॉक्टरसुद्धा तिच्याशी बोलताना आवाज चढवत नसत. समोर भोकांचा बोर्ड, त्यात खुपसायच्या वायरी, कानाला हेडफोन. पलीकडून कोणी नुसतं खाकरलं तरी ती म्हणायची, ‘‘बोला डॉक्टर, भुलीच्या खोलीला लावू ना?’’ कोण सर्जन कोणत्या मजल्यावर सापडेल, कोणत्या नर्सला कोणाचा फोन चालत नाही, सगळं तिच्या डोक्यात. घाबरलेल्या नातेवाइकांना ती लाइन मिळेपर्यंत धरून ठेवायची, त्यांच्याशी बोलत राहायची. ‘‘मी सगळ्यांना जोडून देते,’’ असं ती घरी ऐटीत सांगायची.

मग रुग्णालयाने नवं एक्स्चेंज घ्यायचं ठरवलं. वायरी जाणार, कॉम्प्युटर येणार, नाव पडद्यावर शोधायचं आणि बटण दाबायचं. अधीक्षक माणूस वाईट नव्हता. ताईला बोलावून म्हणाला, ‘‘हे मशीन तुम्हाला वाचून दाखवेल असं काही होत असेल तर खुर्ची तुमचीच. पण नवा बोर्ड बसायच्या आत झालं पाहिजे. नंतर माझ्या हातात काही राहणार नाही.’’

वाचून दाखवणारं विकतचं सॉफ्टवेअर होतं, पण त्याची किंमत ऐकून रुग्णालयाने कानावर हात ठेवले. लिनक्सवर मात्र तेच काम करणारा प्रोग्राम फुकट होता. ताईला पडद्यावरची अक्षरं आवाजात ऐकू आली असती. एकच अडचण होती. रुग्णालयाने घेतलेल्या मशीनचं साउंड कार्ड आतच पक्कं बसवलेलं, डब्याला कंपनीचं सील, बदलायची सोय नाही. आणि त्या कार्डाचा मोकळा ड्रायव्हर कोणीच लिहिलेला नव्हता. कार्ड बनवणाऱ्यांनी स्वतःचा एक दिला होता, फुकट दिला होता, पण बंद. आत काय आहे ते बघायचं नाही, नुसतं घालायचं आणि चालवायचं.

रविवारी खोलीत याच्यावर जुंपली.

‘‘एका दुपारचं काम आहे,’’ झेरॉक्सवाला म्हणाला. ‘‘माझ्याकडे सीडी तयार आहे. घाल आणि मोकळा हो.’’

‘‘आणि उद्या तुम्हीच म्हणणार, तिथे घातला ना, मग इथे का नको?’’

‘‘अरे, बहिणीची नोकरी आहे ती!’’

‘‘माझीच बहीण आहे. मला शिकवू नकोस. एकदा एक बंद वस्तू आत घेतली की आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय उरला? मी लिहितो मोकळा ड्रायव्हर. दोन महिने द्या.’’

ड्रायव्हर कशाशी खातात हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. पण आवेश असा होता की खोलीने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाईट. टाळ्या वाजल्या की माणसाला माघार घेता येत नाही. एका झेरॉक्सवाल्याने मात्र वाजवल्या नाहीत.

घरी येऊन त्याने ताईला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘तुला जमेल ना, धाकट्या? तू म्हणतोस तर थांबते.’’

तो कामाला लागला, आणि लागला तो कसा! कारखान्यातून आला की तसलंच कार्ड असलेल्या, उसन्या आणलेल्या मशीनपुढे बसायचा. कार्डाची माहिती कंपनी देईना, पत्राला उत्तर देईना. मग याने मीटरसारखंच सुरू केलं, एका बाजूने पाणी सोडायचं आणि कोणतं चक्र हलतं ते बघायचं. कार्डात एक आकडा घालायचा आणि स्पीकरला कान लावायचा. काही नाही. दुसरा आकडा. काही नाही. बायको जेवायला हाका मारून थकली. दोन महिने गेले, तेव्हा स्पीकरमधून नुसती खरखर येत होती, आणि ती ऐकून हा घरभर नाचला होता.

नवा बोर्ड ठरल्या वेळी बसला. ताईची वायरींची पेटी भंगारात गेली, आणि तिच्या खुर्चीवर एक टाइपिंग येणारी मुलगी बसली. ताईला ड्रेसिंगच्या खोलीत पाठवलं. तिथे गॉजचे चौकोनी तुकडे घडी घालून डब्यांत भरायचे असत, निर्जंतुक करायला. खोलीला खिडकी होती, फोन नव्हता. ताई निवृत्त होईपर्यंत घड्या घालत राहिली. सोवळ्या तिला म्हणत राहिला, ‘‘थोडंच राहिलंय, ताई.’’ तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच दर आठवड्याला थोडंच राहिलंय असं वाटायचं.

झालं ते दोन वर्षांच्याही नंतर. स्पीकरमधून एक सपाट, नाकातला आवाज आला आणि त्याने पडद्यावरची ओळ वाचली. सोवळ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ड्रायव्हर त्याने पाठवून दिला, चार जाणत्यांनी तपासला, चुका काढल्या, त्याने सुधारल्या, आणि एक दिवस तो सिस्टिममध्ये दाखल झाला. अनोळखी माणसांचे मेल आले. एका दूरच्या अंध मास्तरांनी लिहिलं, की तुमच्यामुळे माझं मशीन बोलायला लागलं, आता मी मुलांचे पेपर स्वतः तपासतो. हा मेल त्याने ताईला वाचून दाखवला. तिने तो पुन्हा एकदा वाचायला लावला आणि म्हणाली, ‘‘बघ, किती मोठं काम केलंस.’’

तसंच कार्ड असलेलं एक जुनं मशीन शोधून त्याने ताईच्या खोलीत बसवून दिलं. नोकरी वाचली नाही याची टोचणी त्याला होतीच, नाही असं नाही. पण निदान हे तरी तिच्या उपयोगी पडतंय, या विचाराने टोचणीची धार बोथट झाली होती. तिच्याकडे गेला की तो विचारायचा, ‘‘मशीन चालतंय ना?’’ ती म्हणायची, ‘‘चालतंय की.’’ मशीन शेवटचं कधी वापरलं हे त्याला एका ओळीच्या आज्ञेत दिसलं असतं. जगातली प्रत्येक वस्तू उघडून बघणाऱ्या या माणसाने तेवढं एक कधी बघितलं नाही.

मेल आला त्या दिवशी त्याने आधी झेरॉक्सवाल्याला फोन लावला. झेरॉक्सवाल्याला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळं दोनदा ओरडून सांगावं लागलं. दोघांनी मागच्या खोलीची, शिट्टी वाजवणाऱ्या मॉनिटरची आठवण काढली, हसले.

‘‘तर मी ताईकडून दोन ओळी लिहून घेतो,’’ सोवळ्या म्हणाला. ‘‘वापरणारी आहे म्हटल्यावर ते काढणार नाहीत.’’

ऐकू गेलं नसेल म्हणून हा पुन्हा ओरडणार, तोच झेरॉक्सवाला म्हणाला, ‘‘जाऊन विचार तिला. पण शांतपणे विचार, आणि ती सांगेल ते ऐकून घे.’’

दुपारी तो ताईकडे गेला. ती पलंगावर बसून फोन ऐकत होती. तिचा फोन तिला बातम्या वाचून दाखवत होता, इतक्या भरधाव की सोवळ्याला एक शब्द कळेना. भाचीने घेऊन दिलेला तो महागडा, आतून कुलूप घातल्यासारखा बंद फोन त्याला पहिल्या दिवसापासून खुपत होता, पण ताईपुढे तो त्याबद्दल काही बोलत नसे. कोपऱ्यात त्याचं मशीन होतं, वर शिवलेला अभ्रा, अभ्र्यावर रेडिओ आणि लोकरीचे गुंडे.

त्याने तिला सगळं समजावून सांगितलं. मेल वाचून दाखवला.

‘‘म्हणजे एखादा वापरत असला तर ते काढणार नाहीत?’’ ताईने विचारलं.

‘‘नाही काढणार. एक जरी असला तरी.’’

‘‘आणि मग सांभाळणार कोण ते?’’

‘‘तो मुलगाच. काही बदललं की त्याला ते बघावं लागेल. वेळ जातो त्याचा, पण रीतच आहे ती. तू एवढंच सांग, की मी वापरते. मी लिहितो तुझ्या नावाने.’’

ताईने फोन बंद केला आणि मांडीवर पालथा ठेवला.

‘‘धाकट्या, मी नाही वापरत ते.’’

‘‘हल्ली नसशील. फोन आल्यापासून—’’

‘‘कधीच नाही वापरलं. तू बसवून दिलंस त्या दिवशी ऐकलं, तेवढंच. तू येणार असलास की चालू करून ठेवायची. तुला बरं वाटायचं म्हणून. पण आता कोणा परक्या पोराला माझ्यासाठी राबवायचं म्हणजे काय? ते नाही मला जमणार.’’

सोवळ्याने कोपऱ्यातल्या अभ्र्याकडे पाहिलं. ‘‘पण का, ताई?’’

‘‘काय करू त्याचं? मला मशीन बोलकं हवं होतं ते बोर्डासाठी. बोर्ड गेला. घरी बसून मी कोणाला जोडून देणार होते?’’ तिचा आवाज चढला नव्हता. ‘‘आता सांगतेच सगळं. झेरॉक्सवाले आले होते रुग्णालयात. नवा बोर्ड बसायच्या आधी. सीडी घेऊन. म्हणाले, त्याला कळणार नाही, एका दुपारी करून देतो, नंतर त्याचा झाला की बदलू.’’

‘‘मग?’’

‘‘मी परत पाठवलं त्यांना.’’

‘‘परत पाठवलंस? ताई, परत का पाठवलंस?’’

‘‘तू सगळ्यांपुढे शब्द दिला होतास. तुझ्या सख्ख्या बहिणीनेच तुझं ऐकलं नाही, असं झालं असतं. आणि तू म्हणाला होतास दोन महिने. मला वाटलं, करशील.’’

तिने हे असं सांगितलं, जसं कालच्या भाजीचं सांगावं. सोवळ्याने चष्मा काढला. तो रडत होता हे तिला श्वासावरून कळलंच असणार, बोर्डावर वर्षानुवर्षं तिने तेच तर केलं होतं. डोळ्यांपुढून त्याच्या तो रविवार हटेना, ते रिमांवर बसलेले लोक, त्या टाळ्या. सगळ्या जगाला मोकळं करायला निघालेला मी, त्याच्या मनात आलं, आणि हिला गॉजच्या घड्या घालायला बसवलं.

‘‘एकदा मला म्हणायचं होतंस,’’ तो म्हणाला. ‘‘नुसतं एकदा. मी तत्त्वबित्त्व सगळं बाजूला ठेवून घातला असता तो बंद ड्रायव्हर.’’

‘‘नसता घातलास.’’

त्याने तोंड उघडलं. घातला असता, तुझ्यासाठी घातला असता, असं म्हणायला. पण ताईपुढे खोटं चालत नसे, आणि शब्द ओठांवर यायच्या आधीच त्याला कळलं की ते खरं नाही.

ताईने हात पुढे करून त्याचा गुडघा शोधला आणि त्यावर ठेवला. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

‘‘लिही आता त्या मुलाला,’’ ती म्हणाली. ‘‘वाट बघत असेल.’’

सोवळ्याने आपला, मोकळ्या सॉफ्टवेअरवर चालणारा फोन काढून लिहिलं. मग त्याने तिला वाचून दाखवलं, ‘‘तुमचा मेल मिळाला. हा ड्रायव्हर आता कोणी वापरत नाही. खुशाल काढून टाका.’’

ताईने मान तिरकी करून ऐकलं.

‘‘पूर्वी कधी घरातल्या कोणाला त्याचा उपयोग झाला का, असं तर नाही ना विचारलंय त्याने?’’

‘‘नाही.’’

‘‘मग पाठव,’’ ती म्हणाली.